घरातलं माणूस बेभान झालं तर पोलिसांना बोलवावं का?

मुक्ता
माझ्या मोठ्या भावाला बायपोलर आहे. औषधं चालू असली की तो आमच्या सगळ्यांपेक्षा शहाणा. बंद केली की आधी झोप उडते, मग बोलणं थांबत नाही, मग घरच्यांवरच संशय. आजवर निभावून नेलं. मागच्या भेटीत डॉक्टर जाता जाता म्हणाले, "फारच हाताबाहेर गेलं तर पोलिसांना फोन करा." तेव्हापासून आईच्या जीवाला घोर लागलाय. तिचं म्हणणं, पोलीस चोराला धरायला येतात, आजारी माणसाला नाही. वहिनी म्हणते, मग अपरात्री कोण येणार, डॉक्टर?

मला दोघींचंही पटतं, म्हणून हा धागा. पोलीस येऊन नेमकं काय करतात? त्यांना याचं काही शिकवलेलं असतं का? फोनवर काय सांगावं? पोलिसांऐवजी दुसरं कोणी येण्याची सोय कुठे आहे का? इथे बऱ्याच देशांतले सभासद आहेत, म्हणून मुद्दाम विचारतेय. "औषधं वेळेवर द्या" एवढा सल्ला सोडून काहीही चालेल, तो आमचा तोंडपाठ आहे.

उगाच_काहीतरी
महत्त्वाचा विषय. रुमाल टाकून ठेवतो.

खाकी_निवृत्त
मुक्ताताई, आयुष्य पोलीस खात्यात गेलं, तेव्हा आमच्या बाजूने काय दिसतं ते सांगतो.

वायरलेसवर जो निरोप येतो त्यात आजार नसतो. "इसम हातात सुरा घेऊन आरडाओरडा करतोय" एवढंच. औषधं सुटलीत, हा कुणाचा तरी भाऊ आहे, काल रात्रीपासून जेवलेला नाही, हे फोन करणाऱ्याने सांगितलेलं असलं तरी गाडीपर्यंत पोचत नाही. आम्ही सुरा डोक्यात ठेवूनच दारात उतरतो.

दुसरं, शिपायाला पहिल्या दिवसापासून शिकवतात ते आवाज चढवून हुकूम द्यायला. चोराच्या बाबतीत ते बरोबर आहे, कारण चोर हिशोब करतो. ज्याच्या कानात आधीच चार आवाज चाललेत त्याला पाचवा आवाज कळत नाही. तो हात वर करत नाही. आम्हाला वाटतं, ऐकत नाही, म्हणजे माज आहे.

आणि तिसरं, ज्याबद्दल कोणी बोलत नाही. माणूस ताब्यात आला, आता नेऊन सोडायचं कुठे? सरकारी रुग्णालयात गेलं की अपघात विभाग म्हणतो हा आमचा पेशंट नाही, मनोरुग्ण विभाग सकाळी उघडतो, कुणी म्हणतं आधी कोर्टाचा कागद आणा. दोन शिपाई रात्रभर बाकावर, मध्ये तो माणूस. सकाळी ड्यूटी बदलली की नवे दोघे, आणि प्रकरण पहिल्यापासून सांगायचं. हे एकदा सोसलेला शिपाई पुढच्या वेळी काय करतो? एकतर "घरातल्या घरात मिटवा" सांगून निघून येतो, नाहीतर शांतताभंगाचा किरकोळ गुन्हा लावतो, कारण लॉकअपचं दार चोवीस तास उघडं असतं. याचं समर्थन करत नाही. पण का घडतं ते कळल्याशिवाय पुढचं बोलणं फोल आहे.

रानपाखरू
मी त्या दोन शिपायांच्या मध्ये बसलेली व्यक्ती आहे. म्हणजे ते शिपाई नव्हेत, पण बाक तोच.

तपशील फार लिहिणार नाही. जे आठवतं ते सांगते. टॉर्च थेट डोळ्यांत. वॉकीटॉकीची खरखर, आणि मला खात्री होती की त्यातून माझ्याबद्दलच बोलताहेत. तिघे एकदम बोलत होते: "खाली बस", "हात दाखव", "नाव काय". तीन हुकूम, यातला पहिला कुठला पाळायचा? त्यांच्यातल्या एका बाईंनी स्वतःच्या वॉकीटॉकीचा आवाज बंद केला, जिन्याच्या पायरीवर बसल्या, म्हणजे माझ्यापेक्षा खाली, आणि विचारलं, "शेवटचं नीट झोपलीस कधी?" बाकीचे गप्प झाले. मग अर्धा तास आम्ही फक्त झोपेबद्दल बोललो आणि मी स्वतःच्या पायांनी गाडीत बसले.

त्या बाईंना हे कोणी शिकवलं होतं की मुळातला स्वभाव, माहीत नाही. पण हे शिकवता येण्यासारखं आहे, एवढं नक्की.

मुक्ता
रानपाखरू, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं.

काठावरचा
शिकवता येतं, आणि शिकवलं जातं. अमेरिकेत मेम्फिस शहरात १९८७ साली पोलिसांनी सुरा हातात असलेल्या एका २७ वर्षांच्या आजारी तरुणाला गोळ्या घातल्या. त्यावर गदारोळ झाला आणि १९८८ मध्ये पोलीस, तिथली विद्यापीठं आणि रुग्णांच्या कुटुंबीयांची संघटना यांनी मिळून 'क्रायसिस इंटरव्हेन्शन टीम' उभी केली. ४० तासांचं प्रशिक्षण, तेही सरसकट सगळ्यांना नाही, जे स्वतःहून पुढे येतील त्यांनाच. आजार ओळखायला शिकायचं, हळू बोलायचं, अंतर ठेवायचं, रुग्णांना आणि घरच्यांना भेटून त्यांचं ऐकायचं. याला मेम्फिस मॉडेल म्हणतात आणि जगभर त्याच्या नकला झाल्या.

भास्करराव
नकला झाल्या हे खरं, निकाल काय? वॉशिंग्टन पोस्टने २०१५ पासून अमेरिकेतल्या पोलीस गोळीबारांतल्या मृत्यूंची नोंद ठेवली, त्यात साधारण पाचातला एक जण मानसिक आजाराशी झगडत असलेला निघतो. तीस-पस्तीस वर्षं प्रशिक्षण देऊन ही गत. अभ्यास वाचले तर प्रशिक्षणानंतर पोलिसांचं ज्ञान वाढतं, दृष्टिकोन सुधारतो, हे दिसतं. बळाचा वापर आणि मृत्यू त्यामुळे घटले, याचा पुरावा कमकुवत आहे. प्रमाणपत्रं वाटून अधिकारी मोकळे.

आणि पायरीवर बसून झोपेबद्दल विचारणं छान आहे, पण समोरच्याच्या हातात सुरा असेल तर? सुरा आजारी माणसाच्या हातातला असला तरी तितकाच कापतो.

उगाच_काहीतरी
रुमाल उचलला, आता पॉपकॉर्न. भास्करराव आले म्हणजे धागा शंभरी गाठणार.

खाकी_निवृत्त
भास्करराव, सुऱ्याचं तुमचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. पण "सुरा असेल तर?" याचं उत्तर नेहमी बंदूक नसतं. बहुतेक वेळा उत्तर असतं, मागे सरका. दार, टेबल, गाडी, काहीतरी मध्ये ठेवा. घाई त्याला नसते, आपल्याला असते. खोलीत तो एकटा असेल आणि बाकीचे बाहेर असतील तर मला तीन तास थांबायला काय हरकत आहे? हरकत एकच: कंट्रोल रूम दर दहा मिनिटांनी विचारते, "झालं का? मोकळे झालात का?"

काठावरचा
काकांच्या बोलण्याला आकड्यांचा आधार देतो. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या एका पोलीस प्रशिक्षकाने एका लेखात दाखवलं की सुरा घेतलेला माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो, तेवढाच वेळ पिस्तूल काढून झाडायला लागतो. सांगायचं होतं ते असं की अंतर ठेवा, आडोसा घ्या. झालं उलटंच. कित्येक ठिकाणी तो नियम बनला की २१ फुटांच्या आत आला म्हणजे झाडा. मग २०१६ मध्ये तिथल्या पोलीस अधिकाऱ्यांच्याच एका संशोधन संस्थेने 'आयकॅट' नावाचं प्रशिक्षण काढलं. अंतर, आडोसा, वेळ, आणि एकानेच बोलायचं. लुईव्हिल शहरात ते दिल्यावर अभ्यास झाला: बळाच्या वापराचे प्रसंग २८ टक्क्यांनी कमी, नागरिकांच्या जखमा २६ टक्क्यांनी कमी, आणि भास्करराव, पोलिसांच्या जखमा ३६ टक्क्यांनी कमी.

भास्करराव
३६ टक्के पोलिसांच्या? हे माहीत नव्हतं. ठीक. एका शहरातला अभ्यास आहे, पण ठीक.

उगाच_काहीतरी
भास्करराव "ठीक" म्हणाले. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

नीलाक्षी
मी ब्रिटनमध्ये मनोरुग्ण विभागात नर्स आहे, इथली गंमत सांगते. १९८३ च्या मानसिक आरोग्य कायद्यातल्या कलम १३६ खाली, मानसिक आजारामुळे तातडीची मदत लागतेय असं दिसणाऱ्या कुणालाही पोलीस सुरक्षित जागी नेऊ शकतात, पण ती व्यक्ती राहत्या घरात असेल तर नाही. घरातून न्यायचं तर मॅजिस्ट्रेटचं वॉरंट, डॉक्टर आणि या कामासाठी नेमलेला समाजसेवक, असं सगळं जमवावं लागतं. पूर्वी ७२ तास ठेवता यायचं, २०१७ च्या डिसेंबरपासून ते २४ तासांवर आणलं, आणि १८ वर्षांखालच्या मुलांना पोलीस कोठडीत ठेवायला पूर्ण बंदी घातली. तोपर्यंत मुलंसुद्धा कोठडीत रात्र काढायची, हे लक्षात घ्या.

आता इथे वारं उलटं फिरलंय. इंग्लंडमधल्या हंबरसाइड भागातल्या पोलिसांनी २०२० मध्ये 'राइट केअर, राइट पर्सन' सुरू केलं. थोडक्यात, जीवाला थेट धोका किंवा गुन्हा नसेल तर पोलीस येणार नाहीत, आरोग्यसेवेने बघावं. लंडनच्या पोलिसांनीही २०२३ च्या शेवटी तेच धोरण घेतलं. तत्त्व मला शंभर टक्के मान्य. आजारी माणसाच्या दारात गणवेश कशाला? पण पोलिसांनी पाय मागे घेतला तेव्हा आमच्याकडून पुढे टाकायला पाय कुठे होता? माणसं तेवढीच, खाटा तेवढ्याच. मधल्या फटीत कोण पडतं ते आम्ही वॉर्डात बघतो.

शब्दवेल्हाळ
अवांतर: कलम १३६ वाचून मला वाटलं, कुणीतरी भारतीय दंडसंहिता काढणार आता.

ॲड_सुमेध
बोलावलंत, आलो. भारतातली स्थिती सांगतो, कारण मुक्ताताईंना बहुधा हीच लागेल.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम १००. पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचं हे *कर्तव्य* आहे, मेहेरबानी नव्हे. हद्दीत कोणी भटकत असेल आणि मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ शकत नाही असं वाटायला कारण असेल, किंवा आजारामुळे स्वतःला वा इतरांना धोका असेल, तर त्या व्यक्तीला संरक्षणात घ्यायचं. का घेतोय ते तिला सांगायचं. लवकरात लवकर, जास्तीत जास्त २४ तासांत, जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं. आणि पोटकलम ४: कोणत्याही परिस्थितीत लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवायचं नाही. खाकीसाहेब, ते चोवीस तास उघडं असलेलं दार कायद्याने बंद केलंय. १९८७ च्या जुन्या कायद्यात २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागायचं. आता संरक्षणात घेतलेल्या व्यक्तीला थेट दवाखान्यात न्यायचं असतं. "आधी कोर्टाचा कागद आणा" म्हणणारा अजून जुन्या कायद्यात राहतोय.

बेघर व्यक्ती असेल तर हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोध घेणं हेही ठाण्याचंच काम.

आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दल लोक पोलिसांना फोन करायला घाबरतात, गुन्हा दाखल होईल म्हणून. कलम ११५ म्हणतं, असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरा, खटला चालवू नका, शिक्षा देऊ नका. दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, तिच्यात आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारं जुनं ३०९ कलम उरलेलंच नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा वेगळा गुन्हा आहे.

खाकी_निवृत्त
वकीलसाहेब, कायदा पाठ आहे. दार कायद्याने बंद केलं, दुसरं दार उघडलं का? कलम १०० मध्ये न्यायचं कुठे ते लिहिलंय. तिथे गेल्यावर रात्री घेणारा माणूस कोणी नेमलाय का?

ॲड_सुमेध
कायद्याने तपासणीची जबाबदारी तिथल्या प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्यावर टाकलीय. रात्री तो फोन उचलतो का, हे कायद्यात लिहिता येत नाही.

काठावरचा
काका, मेम्फिसची हीच बाजू नकला करणाऱ्यांनी गाळली! ४० तासांचं प्रशिक्षण सगळ्यांनी उचललं, कारण ते वर्गात उरकता येतं. मूळ योजनेत दुसरं चाक होतं. शहरात एकच ठरलेली आपत्कालीन जागा, पोलिसांनी आणलेल्या कुणालाही परत पाठवायचं नाही, आणि पोलीस थोड्या वेळात मोकळा. तुमच्या बाकाचा इलाज तोच होता. एक चाक घेऊन गाडी ओढली आणि मग प्रशिक्षणाने फरक पडत नाही म्हणून अभ्यास छापले.

नीलाक्षी
+१००. आमच्याकडे पोलीस बाकावर तासन्‌तास बसून राहतात, हेच तर धोरण बदलण्याचं मोठं कारण होतं.

शब्दवेल्हाळ
पण पोलीसच कशाला, हा मुक्ताचा प्रश्न राहिलाच की. स्वीडनमध्ये स्टॉकहोमला २०१५ मध्ये मानसोपचाराची वेगळी रुग्णवाहिका सुरू झाली. दोन मानसोपचार परिचारक आणि एक रुग्णवाहिका कर्मचारी. आत स्ट्रेचरऐवजी बसून बोलता येईल अशी जागा.

काठावरचा
अमेरिकेतल्या युजीनमध्ये १९८९ पासून 'काहूट्स' होतं: एक नर्स किंवा वैद्यकीय मदतनीस, एक समुपदेशक, एक व्हॅन, शस्त्र नाही. तीन दशकांहून जास्त चाललं, जगभर गाजलं, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये पैशांअभावी त्याच शहरात बंद पडलं. डेन्व्हरमध्ये २०२० साली 'स्टार' नावाने तसंच सुरू झालं. त्यावरच्या अभ्यासात, ज्या भागांत ती व्हॅन फिरली तिथे किरकोळ गुन्ह्यांच्या नोंदी ३४ टक्क्यांनी घटल्या आणि हिंसक गुन्हे वाढले नाहीत.

भास्करराव
किरकोळ गुन्ह्यांच्या *नोंदी* घटल्या. पोलीस गेलेच नाहीत तर नोंद कोण करणार? अर्धा परिणाम तिथेच.

काठावरचा
मुद्दा बरोबर आहे, आणि त्या लेखकांनीही तो विचारात घेतलाय. व्हॅन बंद असलेल्या वेळेतही घट दिसली, म्हणून ते म्हणतात की सगळाच परिणाम नोंदीचा नाही.

डॉ_अनामिका
इथे आतापर्यंत न आलेलं एक. दोन-चार जणांनी माणसाला पालथं पाडून पाठीवर गुडघा ठेवणं हे मारहाणीइतकंच जीवघेणं आहे. उन्मादात शरीराला प्राणवायू आधीच जास्त लागतो, त्यात छाती दबली की तो धडपडतो, धडपडला की आणखी दाबतात. "मी शांत केला" म्हणेपर्यंत श्वास थांबलेला असतो. अशा मृत्यूंवर 'एक्सायटेड डिलिरियम' असं नाव लावायची पद्धत होती, जणू माणूस स्वतःच्याच उत्तेजनेने गेला. अमेरिकेतल्या आपत्कालीन डॉक्टरांच्या संघटनेने २०२३ मध्ये त्या संकल्पनेला पाठिंबा देणारा आपला २००९ चा निबंध मागे घेतला, आणि कॅलिफोर्नियाने ते मृत्यूचं कारण म्हणून लिहायला कायद्याने बंदी केली. धरावंच लागलं तर लगेच कुशीवर वळवा किंवा बसतं करा. हे घरच्यांनाही लागू आहे. चार काका-मामा मिळून धरतात तेव्हासुद्धा.

आणि समोरचं माणूस अशक्त असलं तरीही अशी जबरदस्ती होते. ऑस्ट्रेलियात २०२३ मध्ये एका वृद्धाश्रमात ९५ वर्षांच्या, स्मृतिभ्रंश झालेल्या, वॉकर धरून चालणाऱ्या बाईंच्या हातात जेवणाची सुरी होती. बोलावलेल्या पोलिसाने टेझर, म्हणजे विजेचा झटका देणारं हत्यार, चालवला. त्या पडल्या, डोक्याला मार लागून काही दिवसांनी गेल्या. २०२४ मध्ये तो पोलीस सदोष मनुष्यवधाचा दोषी ठरला. थांबायला काय हरकत होती?

भास्करराव
या प्रसंगाला माझ्याकडे काही उत्तर नाही.

मुक्ता
दोन दिवस वाचत होते. मूळ प्रश्नाकडे येते. आमच्याकडे व्हॅन नाही. भारतात टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, तो जपून ठेवलाय, पण ते फोनवर बोलतात, घरी येत नाहीत. म्हणजे शेवटी ११२ च. तर फोनवर काय सांगू?

खाकी_निवृत्त
पहिल्या वाक्यात "आजारी" हा शब्द आणा. "माझा भाऊ मानसिक आजारी आहे, उपचार चालू होते, औषध बंद झालंय, दवाखान्यात न्यायला मदत हवी." त्यानंतर शस्त्र आहे की नाही. खरं सांगा. पोलीस लवकर यावेत म्हणून लोक "मारून टाकतोय" सांगतात, मग येणारे तशा तयारीने येतात. उलट, हातात काही असेल तर ते लपवूही नका.

पोलीस येतील तेव्हा घरच्यांपैकी एकाने गेटवरच थांबावं. भावाचं हाकेचं नाव, तो कशाने भडकतो, कुणाचं ऐकतो, एवढं दाराबाहेर सांगा. बाकी नातेवाईक, शेजारी, मोबाईलवर शूटिंग करणारे, सगळ्यांना तिथून लांब पाठवा. आणि आज, सगळं ठीक असताना, ठाण्यात एकदा जाऊन या. जुना केसपेपर दाखवा. अधिकारी बदलतात, पण बीटचा हवालदार लक्षात ठेवतो.

नीलाक्षी
आणि दवाखान्यालाही आजच विचारा: रात्री आणलं तर कोण बघणार, खाट नसेल तर कुठे पाठवणार. नाव लिहून घ्या.

रानपाखरू
आणि भावालाच विचारा. तो बरा आहे ना आत्ता?

ॲड_सुमेध
अगदी. याच कायद्याच्या कलम ५ प्रमाणे तो स्वतः लेखी आगाऊ सूचना देऊन ठेवू शकतो, उपचार कसे हवेत, कसे नकोत, आणि आपल्या वतीने निर्णय कुणी घ्यावा. तातडीच्या उपचारांना ती बांधील नसते, हे खरं. पण गेटवर दाखवायला त्याच्याच अक्षरातला कागद असणं वेगळं.

मुक्ता
विचारलं. मला वाटलं चिडेल. तो म्हणाला, "इतकी वर्षं मलाच कोणी विचारलं नव्हतं." मग कागद घेऊन बसला. पोलीस आले तर बूट घालून खोलीत यायचं नाही, दिवा बंद करायचा नाही, आईला समोर उभं करायचं नाही, तिला रडताना बघून मी जास्त बिथरतो. बोलायचं असेल तर वहिनीने. प्रतिनिधी म्हणूनही तिचंच नाव लिहिलंय, माझं नाही! पुढच्या आठवड्यात वहिनी आणि मी ठाण्यात जाऊन येतो. काका, केसपेपरची झेरॉक्स चालेल की मूळ न्यावा लागेल?

खाकी_निवृत्त
झेरॉक्स द्या, मूळ नुसता दाखवा. आणि दिलेल्या प्रतीवर पोच घ्या, शिक्क्यासकट. "नंतर देतो" म्हणाले तर तिथेच बसून राहा.